तिसऱ्या पायाची रेघ

“ताई, तुम्हीच एकदा आत बसा आणि काय ते सांगा,” मास्तर म्हणाले. ताईंनी मान वर केली नाही. हातातला माऊस उगीचच इकडून तिकडे सरकवला.

बस चालवायला शिकवणाऱ्या केंद्रातली ही खोटी बस. सहा पोलादी पायांवर उभी केलेली केबिन. समोरच्या पडद्यावर रस्ता धावायचा, तशी ती झुकायची, हादरायची. ते सहा पाय ताळ्यावर ठेवणं हे ताईंचं काम. चौदा वर्षं त्या आत बसत, डोळे मिटत आणि सांगत, “पाचवा अडखळतोय.” उघडून बघावं तर पाचवाच निघे. उभा जन्म बस चालवून इथे शिकवायला आलेले मास्तर कौतुकानं म्हणत, “ताईंच्या कानात गवंड्याची पाणसळ आहे.”

दोन महिन्यांपूर्वी तापात नेमका डावा कानच दगा देऊन गेला. ऐकू यायचं, पण तोल कळायचा नाही. “हे आता परत येईलसं वाटत नाही, सवय करून घ्या,” डॉक्टरांनी सांगितलं. घरी नवऱ्याखेरीज ताईंनी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

आणि आता ही पंचाईत. एक शिकाऊ मुलगी आठवड्यात तिसऱ्यांदा तोंडाला रुमाल लावून केबिनबाहेर आली होती. खरी बस ती झकास चालवी. इथे ब्रेक दाबला की तिच्या पोटात ढवळून येई. परीक्षा शुक्रवारी, आणि तीही याच केबिनमध्ये.

“मी नाही बसत. हे बघू,” ताईंनी नवं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर सहा पायांच्या सहा चौकटी, प्रत्येकीत दोन रेघा. पायाला सांगितलं ते निळं, पायानं केलं ते लाल.

“रेघांवरून पोटातलं कळतं होय?” मास्तर हसले. “तुम्ही बसलात की दोन मिनिटांचं काम.”

“मास्तर, मला आत बसून आता काहीच कळत नाही.”

ताईंनी कानाचं सगळं सांगून टाकलं. सांगताना आवाज कापला नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“मग मी बसतो. पोट माझं, डोळे तुमचे.”

मास्तरांनी आत ब्रेक दाबला. पाच चौकटींत लाल रेघ निळीला चिकटून गेली; तिसरीत मात्र ती मागे रेंगाळली. पडद्यावरची बस थांबे आणि केबिन मागाहून झुके. ताईंनी तिसऱ्या पायाच्या जोराचा आकडा जरा जरा वाढवत नेला, तशा दोन्ही रेघा जुळल्या.

“आता?” त्यांनी माईकवर विचारलं.

“झुकतंय वेळेवर. पण नंतर कुणीतरी कॉलर धरून मागे ओढतंय.”

रेघांत तर काही खोट नव्हती. ताई विचारात पडल्या. ब्रेकनंतर केबिन गुपचूप आपल्या जागी परत येते; ते येणं चालकाला कळता कामा नये. पाय सांगितलेलंच करत होते, सांगणंच घाईचं होतं. त्यांनी परतीचा वेग कमी केला. मग आणखी कमी.

“आता?”

“आता कुणी नाही.”

शुक्रवारी ती मुलगी पूर्ण रस्ता चालवून पास झाली. तिनं हट्टच धरला, “ताई, माझ्या गाडीत एकदा बसाच.” ताई केबिनमध्ये मागच्या खुर्चीवर, मास्तरांशेजारी बसल्या. जुन्या सवयीनं डोळे मिटले, तर सगळं भोवंडून आलं. वळण कुठलं, उतार कुठला, काही उमगेना. त्यांनी डोळे उघडले आणि मुलीच्या हातांकडे बघत राहिल्या. स्टिअरिंगवर हात सैल होते. थांबा आला तेव्हा तिनं बस अशी उभी केली, की पुढ्यातल्या बाटलीतलं पाणीही फारसं हललं नाही.

“छान,” ताई म्हणाल्या.

केबिनचा लोखंडी जिना उभा आणि अरुंद. ताईंनी कठडा धरला. मास्तर त्यांच्या पुढे झाले आणि एकेक पायरी, मागे न बघता, त्यांच्याच चालीनं उतरू लागले.