नकाशांची खोली

कॉलेज सुरू होऊन दोन महिने झाले होते, तरी कँटीनमध्ये डबा खायचं धाडस ब्राह्मीला झालं नव्हतं. तिथे सगळे घोळक्याने बसत. एखाद्या घोळक्यापाशी जाऊन "मी बसू का?" एवढं विचारायचं होतं, पण तेवढ्या विचारानेच तिचे तळहात ओले व्हायचे. सांगलीजवळच्या तिच्या गावात पहिलीपासून बारावीपर्यंत त्याच मुली तिच्याबरोबर होत्या. ओळख करून घ्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. सांगलीत हवा तो विषय मिळाला नाही म्हणून ती साताऱ्याला आली, वसतिगृहात राहू लागली आणि वर्गातल्या सगळ्यात मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

शेवटी तिला भूगोल विभागातली नकाशांची खोली सापडली. व्हरांड्याच्या अगदी टोकाला. आत गुंडाळलेले नकाशे, मोजणीची साधनं, दोन उंच कपाटं आणि कपाटांमागे खिडकीजवळ एक स्टूल. दुपारी तिथे कुणी फिरकत नसे. ती रोज तिथेच डबा खायची.

त्या शनिवारी दुपारच्या एसटीने ती गावाला निघणार होती. सोमवारची सुट्टी जोडून आली होती. वडील, सुकुमारआण्णा, सांगली स्टँडवर न्यायला येणार होते. निघण्याआधी दोन घास खावेत म्हणून ती स्टुलावर बसली आणि तेवढ्यात दार वाजलं.

"कोण हाय का आत?"

लालासाहेब शिपाई होते. ब्राह्मीच्या तोंडात घास होता. आता आपण बाहेर आलो तर ते विचारणार, इथं काय करतेस, कोणत्या वर्गातली, कुणाला विचारून आलीस. ती अंग चोरून कपाटाला चिकटली. डोकावून जातील, मग आपण हळूच सटकू, असं तिला वाटलं.

दार ओढलं गेलं. कडी सरकली. कुलूप लागल्याचा आवाज आला.

'हाक मार,' ती स्वतःला म्हणाली. चपलांचा आवाज लांब जात होता. 'आत्ता मार.' तिने तोंड उघडलं, पण घशातून काही निघेना. चपला जिना उतरून गेल्या.

मग ती धावत दाराशी गेली. दार हलवलं. बाहेर कुणीच नव्हतं. शनिवार, अर्धा दिवस. मंगळवारपर्यंत इकडे कुणी येणार नाही हे लक्षात आलं.

खिडकीला गज होते. खाली मोटारसायकलींपाशी दोन मुलं बोलत उभी होती. त्यातला सूरज तिच्याच वर्गातला होता. तिने गज धरले. "अहो," ती म्हणाली. ते तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं. सूरजने गाडीला किक मारली आणि दोघे निघून गेले. आता परिसरात कावळे सोडले तर कुणीच दिसेना.

मोबाइल होता. पण त्यात इथल्या एकाही माणसाचा नंबर नव्हता. वर्गाचा ग्रुप होता, त्यात सगळा वर्ग. तिने लिहिलं, 'मी नकाशांच्या खोलीत अडकले आहे.' वाचलं आणि पुसून टाकलं. सगळा वर्ग हसेल. तिथे काय करत होतीस, विचारतील. एकटी जेवत होते असं सांगायचं? तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. दुपार अशीच गेली.

मग आण्णांचा फोन आला.

"ब्राह्मे, यष्टीत बसलीस का न्हाई? कवाधरनं वाट बघायलोय."

"आण्णा, प्रॅक्टिकल लांबलंय. मी... उद्या येते."

"आवाज का गं असा? रडल्यागत?"

"सर्दी झालीय."

"बरं हाय ना तुजं? न्हाई तर मी येतो तिकडं."

"नको, नको. बरी आहे मी."

खरं सांगितलं असतं तर ते तसेच जीप करून निघाले असते, आणि मग तिला कायमचं घरीच घेऊन गेले असते. आईचं तर पहिल्यापासून म्हणणं होतं, हिला बाहेर जमायचं नाही. फोन ठेवल्यावर ब्राह्मी ओढणी तोंडात धरून रडली.

उन्हं कपाटावरून सरकून गेली. तिने दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. जाताना मेन स्विच बंद केला असणार. कोपरे काळे पडत चालले. कपाटाखाली काहीतरी खुडबुडलं. ती स्टुलावर पाय वर घेऊन बसली. मोबाइलची बॅटरी लाल झाली होती. हा बंद पडला तर? तीन रात्री? अक्षरं चुकत होती, तरी तिने लिहिलं आणि या वेळी पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. 'हा कुणाचा नंबर?'

'ब्राह्मी,' तिने लिहिलं.

'ब्राह्मी कोण?' मयूरी नावाच्या मुलीने विचारलं. खाली कुणीतरी हसरे चेहरे टाकले.

ती आपला मेसेज पुसायला गेली. पण तेवढ्यात फोन वाजला.

"मी वल्लरी. पुढच्या बाकावर बसते. तू कोपऱ्यातली ना, लांब वेणीवाली? खरंच अडकलीयस?"

ब्राह्मीच्या तोंडून नुसता हुंदका निघाला.

"अगं, बोल ना! ऐकू येतंय का?"

"हो. बॅटरी संपतेय."

"मग ठेव फोन. लालासाहेबमामा आमच्याच गल्लीत राहतात. त्यांना घेऊन येते. घाबरू नकोस."

फोन बंद पडला. त्यानंतरचा वेळ तिने डोळे मिटून, गुडघ्यांत डोकं घालून काढला. ती खरंच येईल, की तीही हसून विसरून जाईल?

कुलूप निघालं तेव्हा बाहेर अंधार पडला होता. दारात टॉर्च घेतलेले लालासाहेब आणि मागे वल्लरी. लालासाहेबांचाच चेहरा पांढरा पडला होता.

"पोरी, मी इच्यारलं न्हवतं व्हय, कोण हाय का म्हणून? काय झालं असतं म्हंजी?"

"मी ऐकलं होतं," ब्राह्मी म्हणाली.

"मग?"

"आवाजच फुटला नाही, मामा."

तिची सॅक त्यांनी स्वतःच उचलली.

वसतिगृहातल्या मुली गावाला गेल्या होत्या, म्हणून वल्लरीने तिला स्कूटीवरून घरी नेलं. वल्लरीच्या आईने, उमाकाकूंनी, लगेच ताट वाढलं. गरम भाकरी, आमटी. ब्राह्मी ताटासमोर बसली आणि तिला पुन्हा घाम फुटला. ब्राह्मीच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे. वसतिगृहात ती उजेड आहे तोवर जेवून मोकळी व्हायची, त्यामुळे हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. काकू समोर उभ्या होत्या. भूकही लागली होती. गुपचूप चार घास खाल्ले तर कुणाला काय कळणार होतं?

"काकू," ती म्हणाली. "मी... आम्ही रात्री जेवत नाही."

तिने मान खाली घातली.

"आधी सांगायचं की गं," काकू म्हणाल्या. त्यांनी ताट उचललं. "मग सकाळी लवकर करते. पोहे चालतात ना?"

"चालतात."

"आणि मिरची? कमी की जास्त?"

ब्राह्मीला याचंही उत्तर द्यायचं होतं.

"जास्त," ती म्हणाली.