सोमवारचं पाणी

अप्पासाहेबांनी धोतराचा सोगा वर खोचला, वहाणा काठावर काढल्या आणि सरळ पाण्यात उतरून ओंजळ भरली. उन्हाकडे धरून नीट पाहिली.

"दौलतराव, यात रंग कुठे आहे हो? आमच्या सागरच्या तलावापेक्षा निर्मळ पाणी आहे भई!"

खान नदीच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, उभ्या असलेल्या दौलतरावांचा चेहरा उतरला. ते उज्जैनकडचे आमदार, पेशानं वकील. इंदूरच्या गिरणीचं रंगाचं पाणी खान नदीतून खाली वाहत येतं आणि क्षिप्रेत मिसळतं, म्हणून त्यांनी भोपाळचं विधानसभागृह वर्षभर डोक्यावर घेतलं होतं. "इंदूरचं धुणं आणि आमचं तीर्थ!" हे त्यांचं वाक्य तर पत्रकारांना पाठच झालेलं. राज्य नवीन होतं. होळकरांचे कायदे निराळे, शिंद्यांचे निराळे. नदी मात्र दोन्हीकडून वाहणारी. शेवटी सभागृहानं तिघांची समिती नेमली. सागरचे अप्पासाहेब अध्यक्ष, दौलतराव आणि गिरणीच्या वस्तीतून निवडून आलेली अरुंधती.

अरुंधती जीपच्या सावलीत आपल्या तान्ह्या मंगलाला खांद्यावर थोपटत उभी होती. पोर अजून अंगावर पीत होतं, म्हणून समितीबरोबर तेही आलं होतं. काठावर बायकांची ही गर्दी. गोधड्या, चादरी, घरातलं सगळं जाडंभरडं धुणं दगडांवर आपटलं जात होतं.

"बघा ना," अप्पासाहेब काठावर येत म्हणाले, "पाणी खराब असतं तर एवढं गाव धुवायला आलं असतं का?"

अरुंधतीनं मंगलाचं टोपडं सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

आज रविवार. गिरणीला सुट्टी. आठवड्यातून एवढ्याच दिवशी पाणी पाण्यासारखं असतं, म्हणून तर गाव गोधड्या घेऊन लोटलं होतं. भोपाळच्या कार्यालयानं आमदारांच्या सोयीचा वार धरला आणि तो गिरणीच्याही सोयीचा निघाला. हे अप्पासाहेबांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. दौलतरावांची नदी म्हणजे उज्जैनचा घाट. तिथवर पोचेतो सगळे वार एकमेकांत मिसळलेले असतात.

आणि तिला बोलायचं कारण नव्हतं. गिरणीच्या मॅनेजरनं वस्तीत सांगून ठेवलं होतं, गाळ बसवायचे हौद बांधायला लावले तर रंगखातं बंद करू. तिची निम्मी मतं रंगखात्यातली. तिचा नवरा शाम त्याच गिरणीच्या हपिसात.

"मग लिहू या, तक्रारीत तथ्य नाही," अप्पासाहेब पाय पुसत म्हणाले. "संध्याकाळची गाडी मिळेल."

दौलतराव मान खाली घालून वहाणेनं रपट्यावरची वाळू उकरू लागले. एरवी या माणसाला गप्प करावं म्हणून ती टपलेली असे. आज ते बघवेना.

मंगलानं झोपेतच तिच्या पदराची मूठ धरली.

"गाडीबिडी काही नाही," अरुंधती म्हणाली. "इंदूरला येऊन जेवल्याशिवाय जाणार? सासूबाई मला घरात घ्यायच्या नाहीत. आज मुक्काम करा. सकाळी पोहे खाऊ, पुन्हा एकदा इकडे चक्कर मारू आणि मग निघा."

"पुन्हा कशाला? पाहिलं की."

"एकदा सकाळचंही बघा, अप्पासाहेब. माझ्या आग्रहाखातर."

घरी पाहुणे ओसरीवर बसले. द्वारकाबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. सूनबाईचा बेत ऐकून त्यांचा हात थांबला.

"उद्या सोमवार आहे गं."

"हो."

"शामला विचारलंस?"

"सांगितलं. म्हणाला, तुझं तू ठरवलंयस, मग मला विचारतेस कशाला."

"वस्तीतल्या बायका दारात उभं करायच्या नाहीत तुला. मलाही."

अरुंधतीनं मंगलाला पाळण्यात ठेवलं. द्वारकाबाईंनी कणकेला दोनचार गुद्दे मारले, जरा जोरातच. मग म्हणाल्या,

"किती जणांचे पोहे भिजवायचे सकाळी?"

सकाळी रपट्यावर एकही बाई नव्हती. नुसते धुण्याचे दगड. पाणी अजून कालच्यासारखंच. दौलतराव येरझारा घालत होते. अप्पासाहेबांची पोह्यांची तारीफ दोनदा करून झाली होती, आता त्यांना जांभई आली.

मग वरच्या वळणापाशी काठाला लागून एक निळी रेघ दिसली. आधी दोऱ्याएवढी. बघता बघता ती पसरली, जांभळी झाली आणि तिच्यामागून सगळं पात्रच रंगत आलं, वर पिवळट फेस. पाण्यात डुंबणारी म्हैस आपणहून उठून काठावर गेली.

अप्पासाहेब दोन पावलं मागे सरले.

"तुम्हांला काल माहीत होतं, बाई."

"इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

जीपच्या बॉनेटवर कागद पसरून मसुदा सुरू झाला. दौलतरावांनी पहिलाच घाव घातला, "रंगखातं बंद!"

"बंद नाही," अरुंधती म्हणाली. "हौद. पाणी निवळल्याशिवाय नदीत सोडायचं नाही. तुमच्या उज्जैनचा माणूस येऊन तपासेल, पाहिजे तेव्हा, न सांगता. आणि यापायी एकाही कामगाराला काढायचं नाही. हे तिन्ही एकत्र. एक खोडलंत तर बाकीची दोन मी खोडते."

"न सांगता? इंदूरवाले येऊ देतील?"

"मी येऊ देईन."

दौलतरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि टोपी काढून परत घातली. "पुढच्या पावसाळ्याच्या आत पण!"

"मान्य."

अप्पासाहेबांनी लिहून काढलं, खाली सही केली, दौलतरावांची घेतली. मग पेन मिटत हलक्या आवाजात म्हणाले,

"बहुमताला दोन सह्या पुरतात. तुमची नसली तरी अहवाल जातो. निवडणूक आहे पुढे, लेकुरवाळ्या आहात. गैरहजर लिहितो."

अरुंधतीनं मंगलाला उचलून दौलतरावांच्या हातांत दिलं. त्यांनी ते पोर तूप भरलेल्या भांड्यासारखं अंगापासून लांब धरलं.

"मानेखाली हात घ्या, दौलतराव. आणि जवळ घ्या, चावत नाही ती."

तिनं पेन उघडून सही केली. पूर्ण नाव, खाली मतदारसंघ.

तेवढ्यात रपट्यावर सायकल थांबली. रंगखात्यातला हरी, दुपारच्या पाळीचा. कोपरापर्यंत हात निळे, धुऊनही न जाणारे. त्यानं सरकारी जीप पाहिली, रंगलेलं पाणी पाहिलं, तिच्या हातातला कागद पाहिला.

"ताई, ये क्या चल रिया? कागद कशाचा?"

अप्पासाहेबांनी कागदाकडे हात पुढे केला. अरुंधतीनं तो दिला नाही.

"ये हरीभिया, वाचून दाखवते."

कामगाराला न काढण्याचं कलम सगळ्यात शेवटी होतं. तिनं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.