मधले थर

जे दोघांचे म्हणून असते, ते दोघांच्या नेमक्या मध्यावर क्वचितच राहते. ज्याची ओढ तिथवर पोचते, त्याच्याकडे ते सरकते. यात लबाडी कोणाचीच नसते, म्हणूनच दाद मागायलाही जागा नसते.

बोरिवलीच्या आपल्या घरातल्याच क्लासमध्ये जयवंत त्या दुपारी विद्युतऋणता शिकवत होता. दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी स्वतःकडे ओढण्याची ही शक्ती. आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे ती वाढते, वरून खाली उतरताना घटते. मागच्या बाकावरचा हर्षद उठला.

"सर, पण सीझियमकडे पंचावन्न प्रोटॉन, फ्लोरीनकडे नऊच ना? मग नऊवाला जिंकतो कसा यार?"

"यार कोणाला म्हणतोस रे?" वर्ग हसला, जयवंतही हसला. "सीझियमच्या केंद्राभोवती थरांवर थर आहेत. जोडी लांब राहते आणि मधले थर ओढ अडवतात. फ्लोरीन लहान, त्याचं सगळं जवळ."

क्लास आटोपून तो जोगेश्वरीला निघाला. वडील निवर्तल्यापासून आई, द्रौपदीबाई, दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत त्याच्याकडे आणि उरलेले दिवस त्याच्या धाकट्या भावाकडे, प्रीतमकडे राहत असे. दसरा कालच झाला होता.

प्रीतमच्या एका खोलीच्या घरात आई जमिनीवर मेथी निवडत होती. तिला ओलांडूनच सगळ्यांची ये-जा चालली होती.

"या भावोजी, चहा टाकते," प्रीतमची बायको कुंदा म्हणाली. "की परत बॅच आहे?"

"आई, चल. गाडी खाली उभी आहे."

"माका नको न्हेव, जयवंता."

"अगं, कमी काय आहे तिथं? स्वतंत्र खोली, एसी, दिवसभराची बाई…"

"कमी काय नाय रे." आईचे हात थांबले नाहीत. "गेल्या खेपेक छातीत कसांसाच झाला म्हणान मी पलंगाकडची तुझी ती घंटा वाजयलंय. बाई इली. तू बाजूच्या खोलयेत शिकवत होतंस. तुझो आवाज माका ऐकाक येय होतो. घंटेचो आवाज तुझ्यापर्यंत पोचलो नाय."

"दादा, मी शिकवलेलं नाही हां तिला," प्रीतम घाईघाईने म्हणाला. "आईशप्पथ!"

दुपारी हर्षदला सहज दिलेले उत्तर जयवंताला आठवले. तो खाली बसला आणि त्याने मेथीची एक जुडी ओढून घेतली.

"छातीचं मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलंय असतंय. तुझी बॅच सुटाची वाट बघी होतंय. मगे झोप लागली."

त्याने हातातली जुडी निवडून संपवली. "रविवारी जेवायला येऊ?" त्याने विचारले.

"इचारतंस काय? येताना भूक घेवन ये."

संध्याकाळी तो एकटाच परतला. आईच्या खोलीत पलंगावर नवी चादर अंथरलेली होती. तिची घडी घालून त्याने ती कपाटात ठेवली आणि दिवा मालवला.

धाकट्याच्या घरी थोरल्याला मांडी घालण्यापुरती जागा सदैव मिळो, आणि त्या माउलीची हाक यापुढे दोघांनाही ऐकू येवो.