अठाईचा आठवडा

पर्युषणात नीलमनं धरलेल्या अठाईत नीलमपेक्षा सुमतीबाईंचा फायदा मोठा होता. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायचं सुनेनं, आणि जुन्नरच्या पेठेतून मिरवणूक निघाली की पुढं चालायचं सासूनं. त्यांच्या जाऊबाई मोहिनीनं आपल्या सुनेच्या जोरावर हा मान तीन वर्षं मिरवला होता. आता मागं चालायची पाळी तिची.

सहाव्या दिवशी नीलमच्या पोटात पाणीही ठरेना. येडगावहून दूध घालायला येणारी मंगल उंबऱ्यातून बघत म्हणाली, "सुमतीबाई, ह्ये उपाशी तोंड न्हाई. पाळीचं इचारलं का?"

"मंगल, तू दूध मोज. उपवासाचं पित्त आहे ते."

पारणं थाटात झालं. महिन्याभरानं दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा तेही तपाचंच फळ म्हणून सुमतीबाईंनी पेठभर सांगितलं.

चैत्रात मुलगी झाली. दूध ओढताना धापा टाकायची, ओठ निळे पडायचे. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक नळी काढली. "गर्भाच्या हृदयातून आधी अशी एकच मोठी नळी निघते. पाचव्या ते सातव्या आठवड्यात तिच्या आत पीळ घेत एक पडदा वाढतो, आणि एकीच्या दोन होतात. एक फुप्फुसांना रक्त नेते, दुसरी अंगाला. हिचा पडदा झालाच नाही. क्वचित होतं असं. ऑपरेशन लागेल, पण आधी छातीतला जंतुसंसर्ग आटोक्यात यायला हवा."

सुमतीबाई पदराआड बोटं मोजत होत्या. पर्युषण नेमकं सहाव्या आठवड्यात येत होतं.

"उपवासानं होतं का असं?"

"तसं म्हणता येत नाही, आजी. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. कुणाला दोष देऊ नका."

सुटल्या म्हणायच्या. पण शेजारी नीलमचीही बोटं हलत होती.

मुलगी एकोणीस दिवस जगली. ऑपरेशनची वेळ आलीच नाही.

भेटायला आलेली मोहिनी नीलमकडं बघत म्हणाली, "तपस्वी पोरगी आहे, सोसेल." ती गेल्यावर नीलम सासूला म्हणाली, "मम्मी, पाळी चुकल्याचं मला उपवासाआधीच माहीत होतं."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"मिरवणुकीचा बँड ठरला होता ना."

"डॉक्टर म्हणाल्या, त्यानं होत नाही."

"म्हणाल्या खऱ्या." नीलमनं पाझरणाऱ्या छातीवर पदर ओढून घेतला.

मान सुमतीबाईंना मिळाला. डॉक्टरीणबाईंनी दिलेली माफी दोघींपैकी एकीलाही पचली नाही. मुलीनं एकोणीस दिवसांत त्या मानाची सगळी किंमत मोजली. नीलम अजून मोजते आहे.