गंमत म्हणून टाकलेला व्हिडिओ

“तोंड पाडून बसायचं असेल तर आत जाऊन बस! दोन आठवडे तेच चाललंय.” उदयने चहाचा कप आदळला.

“मग प्रशांतकाकाला तो व्हिडिओ काढून टाकायला सांग,” तेरा वर्षांची तन्वी म्हणाली.

“अगं, गंमत होती ती! जरा लाइट घे की.”

“लोक शिव्या देतायत मला, बाबा!”

“नीट वाचलं असतंस तर दिल्या असत्या का?”

तन्वीची आई नीलिमा मान खाली घालून मटार सोलत राहिली. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या त्या घरात हे भांडण आता रोजचंच झालं होतं.

झालं होतं असं. गौलीगुड्याला मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. तन्वी शाळेत तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी शिकते. मराठी वाचायला ती सहा महिन्यांपूर्वी लागली, तीही स्वतःच्या हौसेने. शाळेतून थेट, गणवेशातच ती कार्यक्रमाला आली आणि तिने एक पानभर उतारा वाचला. पाच-सहा ठिकाणी अडखळली, पण खाली उतरली नाही. शेवटची ओळ वाचूनच थांबली.

त्या पोरीचं कौतुक करावं की नाही? उदयने शूटिंग केलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, ‘आमची तन्वी मराठीचा मुडदा पाडताना!’ आत्या हसली, काका हसले. पुण्यातल्या प्रशांतने, म्हणजे उदयच्या चुलतभावाने, तो व्हिडिओ उचलून आपल्या पेजवर टाकला. मग अनोळखी माणसं तुटून पडली. ‘लाज कशी वाटत नाही?’ ‘हिला आधी घराबाहेर काढा.’ ‘थोबाड बघा हिचं.’ ज्यांनी हे लिहिलं त्यांच्याही घरात मुलं असतील!

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. सत्यवतीबाई आल्या होत्या. निजामाच्या काळापासून त्यांचं घराणं हैदराबादचं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि आता दर रविवारी मुलांना मराठी शिकवतात. तन्वीला त्यांनीच शिकवलं होतं.

“दोन रविवार पोरगी आली नाही. आजारी आहे का?”

“आजारी कसली, बाई! नखरे आहेत,” उदय म्हणाला. “चार लोक हसले तर बाईसाहेब रुसल्या. आजकालच्या मुलांना काही सोसत नाही.”

टीपॉयवर वर्तमानपत्रातून आलेला पाणीपुरवठ्याचा तेलुगू कागद पडला होता. तो बाईंनी उदयपुढे धरला.

“एवढं वाचून दाखवा बरं. चष्मा विसरले मी.”

“मला? तेलुगू?”

“अकरा वर्षं राहताय इथं. वाचा की.”

उदयने पहिला शब्द कसाबसा लावला. दुसऱ्या शब्दाच्या तिसऱ्या अक्षरावर अडकला, मागे गेला, पुन्हा अडकला. मान वर करून बघतो तो बाईंनी आपला फोन त्याच्यासमोर धरलेला!

“हे काय करताय?”

“गंमत! कॉलनीच्या ग्रुपवर टाकते. ‘आमचे साहेब तेलुगूचा मुडदा पाडताना.’”

“बाई, ठेवा तो फोन!” उदय ताडकन उठला. “न विचारता टाकता कसं? माझ्या ऑफिसची माणसं आहेत त्या ग्रुपवर!”

“बसा. फोन बंदच आहे.” बाईंनी काळा पडदा त्याला दाखवला. “तुम्ही पंचेचाळीस वर्षांचे. तुम्हाला नुसत्या विचाराने घाम फुटला. ती तेरा वर्षांची आहे, उदयराव! तिला विचारलं होतंत?”

तन्वी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि स्वतःचा फोन तिने बाईंच्या हातात दिला.

“बाई, हे बघा ना. मला भीती वाटतेय.”

बाईंनी ‘विसरलेला’ चष्मा पर्समधून काढून लावला. कुणी केतकी नावाची मुलगी तन्वीला दहा दिवस मेसेज करत होती. ‘मलाही असंच हसले होते गं. तुझ्या घरचे तुझे नाहीत. मी आहे ना!’ मग, ‘गणवेशावरून तुझी शाळा ओळखली.’ मग, ‘एक छानसा फोटो पाठव, घरी सांगू नकोस.’ आणि आज दुपारी, ‘उद्या शाळा सुटली की नारायणगुड्याच्या चौकात ये. माझा दादा गाडी घेऊन येईल.’

नीलिमाच्या हातातली शेंग खाली पडली. “कोण केतकी? तू भेटलीयेस का हिला?”

“नाही. फोटो दोन पाठवले. साधेच. उद्या जाणार होते मी.”

“मूर्ख कार्टी!” उदयचा हात वर गेला. “आण तो फोन! आजपासून फोन बंद, क्लास बंद!”

“खबरदार!” पस्तीस वर्षांत कुणी ऐकला नसेल असा बाईंचा आवाज चढला. “हात खाली घ्या! तिने आपणहून दाखवलं. त्याला तुम्ही चपराक देणार? मग पुढच्या वेळी ती कुणाला दाखवेल?”

“पण हिला अक्कल नको का?”

“अक्कल तिला आपणच शिकवायची असते. ही केतकी कोण, बाई की बाप्या, देव जाणे. पण तिने केलं काय? तुम्ही हसलात, तेव्हा ती गोड बोलली. घरात जी जागा तुम्ही रिकामी सोडलीत, तिथं ती येऊन बसली. आणि पोरीचं नाव, तोंड, शाळा तिला पुरवली कुणी?”

उदय मटकन खुर्चीत बसला. नीलिमा डोळे पुसत म्हणाली, “मीसुद्धा त्या ग्रुपवर हसरा चेहरा टाकला होता, तन्वी. चुकलं माझं.”

“रडणं पुरे,” बाई म्हणाल्या. “एकही मेसेज पुसू नका. सगळ्या मेसेजचे फोटो घ्या आणि आत्ताच सायबर पोलिसांकडे जा. उद्या आई शाळेत आणायला जाईल. उत्तर द्यायचं नाही, एकटीने कुठं जायचं नाही. कळलं, बेटा?”

तन्वीने मान हलवली.

पोलिसांकडे निघण्याआधी उदयने प्रशांतला फोन लावला. “तो व्हिडिओ काढ.”

“अरे, दहा हजार लोकांनी पाहिलाय! भाव वाढलाय आपल्या तन्वीचा!”

“माझी मुलगी आहे ती, तमाशा नाही! आत्ता काढ, नाहीतर तक्रारीत तुझंही नाव लिहितो!”

पाच मिनिटांत व्हिडिओ निघाला. मग उदय ग्रुपवर लिहू लागला. ‘माझ्या लाडक्या तन्वीची मी चेष्टा केली. चूक माझी. ज्यांच्याकडे तो व्हिडिओ असेल त्यांनी पुसून टाकावा.’ पाठवायच्या बटणावर त्याचं बोट गेलं आणि थांबलं. त्याने फोन लेकीपुढे धरला.

“टाकू का?”

तन्वीने सावकाश वाचलं. “माझं नाव काढ. आणि लाडकी पण.”

त्याने दोन्ही शब्द खोडून ‘मुलीची’ लिहिलं. “आता?”

“आता टाक.”

वाचकहो, मुलांना कुणाशी बोलू नको, काय बघू नको, हे आपण उठता-बसता सांगतो. पण त्यांचं हसं करून ते जगापुढे मांडणारे पहिले हात बहुतेकदा आपलेच असतात! मुलाचा फोटो, व्हिडिओ, नाव, शाळा ही त्याची वस्तू आहे. ते कुठेही टाकण्याआधी त्याला विचारा. आणि मूल भ्यालेलं तोंड घेऊन आपल्याकडे आलं, तर आधी त्याला जवळ घ्या. रागवायला उभा जन्म पडला आहे.