चार गाणी आणि साठ अभ्रे

उशांचे साठ अभ्रे, पांढरे. इस्पितळाला शनिवारी द्यायचे.

शिवणयंत्राचा पट्टा सैल झाला की आधी पायाला कळतं, मग कानाला.

एका मासिकातलं वाक्य : ‘मागची ती खरखर म्हणजे ब्रह्मांड कूस बदलतंय.’

अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला चिकटवले की आवाज घुमत नाही. मुंग्या मात्र होतात.

धाकट्याचे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. आता कानापर्यंतही पोचत नाहीत.

हे सगळं एकाच खोलीतलं. ताईच्या.

एकतीस वर्षांपूर्वी धाकटा आणि त्याचे दोन दोस्त घरच्या टेपवर चार गाणी रेकॉर्ड करायला तिच्या शिवणाच्या खोलीत घुसले. तिथे कापडाचे ढीग होते, आणि कापड आवाज पितं.

“ताई, तासभर मशीन थांबव ना.”

“इस्पितळाला सांगून ये, उशा तासभर उघड्या राहू देत म्हणावं.”

मशीन थांबलं नाही. गाण्यांच्या दोन छोट्या तबकड्या निघाल्या, कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. मग कुठल्याशा वेड्या लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. गाण्यांहून जास्त त्यांच्यामागची ती खरखर. हे कोणतं वाद्य, असं कुणीतरी विचारलं तेव्हा धाकट्याने ठोकून दिलं : मीच बनवलंय, सायकलचं चाक आणि स्प्रिंगा, पुढचं गुपित.

आता एक कंपनी चारही गाणी एका मोठ्या तबकडीवर नव्याने काढणार होती. मुखपृष्ठावर त्या वाद्याचा फोटो हवा होता.

मंगळवारी धाकटा ताईकडे आला, काखेत रेकॉर्ड प्लेअर.

“ताई, तुझ्या मशीनला सायकलचं चाक लावलं तर? फोटोपुरतं.”

“का रे, मशीनवर बसून फिरायला जायचंय?”

सगळं सांगावंच लागलं. ताईने दाताने दोरा तोडला.

“एकतीस वर्षं माझ्या पायांचं श्रेय खाल्लंस, आणि साधा ढेकर दिला नाहीस.”

“मी म्हटलं होतं त्यांना, खरखर काढूनच टाका, म्हणजे फोटोची भानगड नको. काढली त्यांनी. ऐक.”

त्याने नमुन्याची तबकडी लावली. गिटार पूर्वेला निघाली, ड्रम पश्चिमेला, आणि धाकट्याचा गळा चौकात उभा राहून पत्ता विचारत होता.

“भांडण झालं होतं का तुमचं?”

“नाही गं. आम्ही तिघं तुझ्या मशीनच्या तालावर वाजवत होतो. आम्हालाही परवाच कळलं.”

ताईने बॉबिन भरून मशीनमध्ये बसवली. “मग माझं नाव घाल तबकडीवर.”

“नाव घातलं तर मी खोटा ठरेन.”

“ठरायचं काय राहिलंय?”

चार वाजता कंपनीचा माणूस आला, गळ्यात कॅमेरा. वाद्य कुठंय, असं त्याने खुर्चीत टेकायच्या आधी विचारलं. धाकटा म्हणाला, दुरुस्तीला दिलंय. ताईने त्याच्याकडे पाहिलं, पाहुण्याला चहा दिला, मशीनवर बसली आणि पाय चालवला.

माणसाचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.

“तिसरं गाणं,” तो हळूच म्हणाला.

धाकट्याने छताकडे पाहिलं, मग बुटांकडे. दोन्हीकडे मदत नव्हती. “ही माझी ताई,” तो म्हणाला. “चाकबिक काही नाही. तेव्हाही हीच होती.”

माणसाने मशीनचे अकरा फोटो काढले आणि वही उघडली. “ताई, काय लिहू? तालवाद्य?”

“शिलाई लिहा. मी यांच्यात नव्हते. इस्पितळाचं काम चाललं होतं माझं. यांची गाणीबिणी कानावरसुद्धा पडली नाहीत.”

तबकडी निघाली, खरखरीसकट. गिटार, बास, ड्रम, गळा, आणि त्याखाली ताईचं पूर्ण नाव : शिलाई. धाकट्याने ताईच्या खोलीच्या भिंतीवर ती खिळ्याने टांगली. ताईने खिळा वाकडा असल्याचं दोनदा सांगितलं.

एकतीस वर्षांपूर्वी, गाणी रेकॉर्ड झाली त्याच आठवड्यात शनिवारी इस्पितळाने साठांपैकी तीन अभ्रे परत पाठवले होते. ते चारही बाजूंनी शिवलेले होते, उशी घालायला तोंडच नव्हतं.