बत्तीस तारीख

"बाबा, बत्तीस तारीख कोणत्या महिन्यात येते?"

मुलगी चहाचा कप घेऊन कधी मागे येऊन उभी राहिली, ते दुर्बीणवाल्यांना कळलंच नाही. त्यांनी घाईघाईने पडद्यासमोर हात धरला. जुन्या मॉनिटरची काळी काच आणि हिरवी अक्षरं हाताआड लपण्याइतकी लहान नव्हती.

"चुकून पडली," ते म्हणाले.

"कालही चुकून पडली होती. मी खोकी भरत होते, बघितलं मी."

दुर्बीणवाले हे नाव त्यांना इमारतीने दिलं होतं. त्याआधी ते कंप्युटरवाले होते. पुढे घरोघरी कंप्युटर आले आणि त्या नावातला मान गेला. दुर्बीण मात्र कोणीच घेतली नाही, म्हणून हे नाव टिकलं. एका मोठ्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर प्रोग्रॅम लिहिले, त्याहून जास्त दुसऱ्यांचे दुरुस्त केले, आणि आकाश साफ असेल त्या प्रत्येक दिवशी गच्चीवर जाऊन सूर्यावरचे डाग मोजले. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट बघितलं तर डोळ्याचा कोळसा होतो. म्हणून ते मागे पांढरा पुठ्ठा धरत, त्यावर बशीएवढा सूर्य पाडत आणि पेन्सिलीने डाग टिपत. मग खाली येऊन आकडा या मशीनमध्ये भरत. बत्तीस वर्षं. त्यासाठीचा प्रोग्रॅमही त्यांचाच.

मुलीने वाकून पडद्यावरची ओळ वाचली. मशीनला देवनागरी येत नव्हती, मजकूर मराठी पण अक्षरं इंग्रजी, त्यामुळे ती अडखळत वाचत गेली.

"अशी तारीख... मी तरी ऐकली नाही. चष्मा लावा." ती थांबली. कप टेबलावर ठेवला. "बाबा, हे आईने लिहिलंय?"

"टाइप तिनेच केला सगळा प्रोग्रॅम. मी सांगायचो, ती बडवायची. वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती, तिच्या बोटांपुढे माझी बोटं म्हणजे गोगलगाय."

"पण चष्मा लावा, हे तुम्ही सांगितलंत?"

"छे. माणसाने चूक केली की मशीनने काय बोलायचं, ते लिहायचा मला भारी कंटाळा. तिला म्हटलं, चुका काढण्यात तुझा हात कोण धरणार? तूच लिही. तर लिहिलं तिने."

मुलगी हसली, आणि हसता हसता तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. आईला जाऊन चार वर्षं झाली होती.

"म्हणून रोज बत्तीस तारीख?"

"रोज नाही. कधी तेरावा महिना, कधी डागांची संख्या उणे. दिवसातून एकदाच," दुर्बीणवाले म्हणाले, डॉक्टरने गोळी लिहून दिल्यासारखं. "असे एकूण सतरा मेसेज आहेत. सोळा पाठ आहेत."

"आणि सतरावा?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "तीच तर भानगड आहे."

भानगड त्यांनी स्वतःच करून ठेवली होती. शतक संपत आलं तेव्हा जगभरच्या कंप्युटरांना वर्ष दोनच आकड्यांत लिहिण्याच्या कंजुषीने घेरलं होतं. त्या काळात दुर्बीणवाल्यांनी कचेरीत एकेकाची सालटी काढली होती. "पुढचा विचार नको? शतक संपणार, हे तुम्हाला पंचांग वाचून कळणार होतं?" असं ते वयाने मोठ्या साहेबांनाही विचारत. घरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी वर्षाला पहिल्या दिवसापासून चार आकडे दिले होते, याचा त्यांना कोण अभिमान!

निरीक्षणाच्या क्रमांकालाही त्यांनी चारच दिले होते.

म्हणजे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. तेव्हा ते पस्तिशीत होते. बायकोने विचारलं होतं, "अहो, आणि त्याच्या पुढे?" ते म्हणाले होते, "त्याच्या पुढे काय? तेवढं मोजायला मी काय घड्याळ आहे?" मग तिने त्यांना स्वयंपाकघरातून पाणी आणायला पाठवलं आणि ते येईपर्यंत काहीतरी टाइप करून ठेवलं. काय, ते तिने सांगितलं नाही. "येईल तेव्हा वाचाल," म्हणाली. त्यांनीही फार विचारलं नाही. वाटलं, आयुष्य पडलंय.

आज गुरुवार होता आणि क्रमांक होता नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. शनिवारी दोन वाजता ट्रक येणार होता. मुलीकडे राहायला जायचं ठरलं होतं. तिथे त्यांना स्वतंत्र खोली होती, लिफ्ट होती, आणि समोर एकवीस मजली इमारत होती. सूर्य तिथे दिवसातून चाळीस मिनिटं यायचा, तोही अपॉइंटमेंट घेतल्यासारखा.

संध्याकाळी जावई आला. तोही सॉफ्टवेअरमधलाच, त्यामुळे दोघांचं कधीच पटत नसे आणि एकमेकांवाचून करमतही नसे.

"बाबा, या डिस्कचा आवाज ऐकलात? खलबत्ता चाललाय आत. ट्रकमध्ये एक खड्डा लागला की संपलं. आकडे सगळे मी उतरवून घेतलेत. प्रोग्रॅमसुद्धा नवीन मशीनवर चालवून देईन, पण तो नव्व्याण्णवनंतर थांबणार. प्रोग्रॅम मुळात ज्यांवर लिहिला त्या फ्लॉप्यांवर बुरशी आलीय, बदलणार कसा? त्यापेक्षा चांगलं ॲप घ्या. निरीक्षण भरलं की आलेख आपोआप."

"तुमचं ते ॲप मला माहितेय, जावईबापू. मोबाइल आभाळाकडे धरला की कुठला तारा ते सांगतं. आभाळ बघायची गरजच ठेवलेली नाही."

"आणि दर महिन्याला अपडेट होतं."

"म्हणजे दर महिन्याला कबूल करतात की गेल्या महिन्यात चुकलं होतं. आमच्या वेळी प्रोग्रॅम लिहून झाला की झाला. तुमचं म्हणजे रस्ता खोदल्यासारखं, कधी बुजवतच नाही."

जावई हसला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "हिने सांगितलं मला. तो सतरावा मेसेज... फाइल नुसती उघडली तरी आतले मेसेज दिसतात, बाबा. दोन मिनिटांचं काम. वाचून दाखवू?"

दुर्बीणवाल्यांनी मान हलवली. "तो काय माझ्यासाठी खिशात घालून ठेवलेला नाही. नव्व्याण्णव भरले की यायचाय, आणि तोही तिने बडवलेल्या याच मशीनवर. न भरता वाचला तर दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं होईल."

शुक्रवारी सकाळपासून आभाळ भरून आलं. दुर्बीणवाले चार वेळा गच्चीवर जाऊन आले. ढगाळ दिवसाला त्यांच्या प्रोग्रॅममध्ये क्रमांक मिळत नसे. तिथे नुसती 'ढग' अशी नोंद होई आणि मशीन म्हणे, "ठीक. थापा मारल्या नाहीत, हे बरं केलंत." तो मेसेज त्यांना अख्ख्या पावसाळ्यात पुरत असे. त्या दिवशी तो वाचून त्यांना पहिल्यांदाच राग आला.

शनिवारी अकरा वाजले तरी आभाळ तसंच. घरात आता फक्त खोकी होती आणि टेबलावर ते मशीन. मुलीने शेवटचं कपाट रिकामं करता करता त्यांच्याकडे बघितलं.

"बाबा, एक सांगू? सध्या सूर्यावर तसेही डाग नाहीत, तुम्हीच म्हणालात. गेले दहा दिवस शून्य. मग आजही शून्य टाका ना. कोणाला कळतंय?"

"सूर्याला."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही गं." ते खोक्यावर टेकले. "ढग म्हणजे मला माहीत नाही. शून्य म्हणजे मी बघितलं, आणि तिथे काही नव्हतं. दिसायला दोन्ही सारखंच रिकामं. पण नसलेलं बघायलासुद्धा जावं लागतं ना वर."

मुलीने ट्रकवाल्याला फोन केला आणि अगदी खालच्या आवाजात सांगितलं की तीन वाजता आलात तरी चालेल.

बारा वाजून दहा मिनिटांनी जावयाने गच्चीवरून आरोळी ठोकली. त्याला वर कोणी उभं केलं होतं कोण जाणे. "बाबा! फाटतंय! पळा!"

दुर्बीणवाले पळाले नाहीत. त्यांच्या गुडघ्यांनी ती सोय ठेवली नव्हती. पण दोन जिने ते कठडा न धरता चढले. जावयाने तीन पायांच्या स्टँडवर दुर्बीण लावून ठेवली होती, उलट्या दिशेने. ती त्यांनी सरळ केली, पुठ्ठा धरला. ढगांची कड सरकली आणि पुठ्ठ्यावर बशीएवढा, थरथरता, स्वच्छ सूर्य उमटला.

दोघं वाकून बघत राहिले. दुर्बीणवाल्यांनी पुठ्ठा किंचित हलवला. पुठ्ठ्यावरचा मळ पुठ्ठ्याबरोबर हलतो, सूर्यावरचा डाग हलत नाही. जे काळे ठिपके होते ते सगळे हलले.

"शून्य?" जावयाने विचारलं.

"शून्य," दुर्बीणवाले म्हणाले. मग एखादी मौल्यवान वस्तू सापडल्यासारखं त्यांनी ते कागदावर लिहिलं, वेळ लिहिली, आणि ढग परत मिटेपर्यंत तिथेच थांबले.

खाली येऊन त्यांनी मशीन चालू केलं. खलबत्ता कुटून कुटून एकदाची हिरवी अक्षरं आली. आज त्यांनी बत्तीस तारीख टाकली नाही. खरी तारीख टाकली, वेळ टाकली, डागांचे गट शून्य, डाग शून्य. क्रमांक नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. मशीनने मुकाट्याने नोंद घेतली. मग त्यांनी पुढच्या नोंदीचं बटण दाबलं.

पडदा क्षणभर काळा झाला. त्यांना वाटलं, गेली डिस्क. मग अगदी मधोमध, बत्तीस वर्षं वाट बघितलेली ओळ उमटली.

"पुरे आता. जेवायला या."

या हाकेला उत्तर म्हणून दुर्बीणवाले उभ्या संसारात "आलो, आलो" म्हणत आले होते, आणि त्यानंतर कमीत कमी वीस मिनिटं जागचे हलले नव्हते. जेवण निवायचं. ती दुसऱ्यांदा हाक मारायची, मग तिसऱ्यांदा, मग मारायची नाही.

"आलो," ते म्हणाले, आणि उठले.

स्वयंपाकघरात मुलगी खोक्यावर वर्तमानपत्र पसरून डबे उघडत होती. बाबांना दारात बघून ती चकित झाली.

"एवढ्यात? अजून हाक कुठे मारली मी?"

"मारली," दुर्बीणवाले म्हणाले, आणि हात धुवायला गेले.